मास्तरीण आणि गवती चहाच्या कुंड्या

माझ्या ताईला दुकानात सगळे मास्तरीण म्हणायचे. तयार कपड्यांच्या दुकानात ती कापड बेतायची, आणि मुरलेले शिंपीसुद्धा तिच्या कात्रीपुढे तोंड उघडत नसत. मग भावोजी वायरिंग करताना शिडीवरून पडले, कमरेखालून लुळे झाले, आणि मास्तरीण एका खोलीत अडकली ती अडकलीच.

खोली तळमजल्यावर, मागे गटार. डासांना काय तोटा! भावोजींना पायाला चावलेलं कळत नाही, पण चावलेली जागा चिघळते. कॉइलच्या धुराने त्यांना दम लागतो, मच्छरदाणीत जीव घुसमटतो, बाटलीच्या मशीनने डोकं धरतं. एवढे नखरे नवरदेवाचेही नसतात. ताईने मात्र कधी हूं की चूं केलं नाही. कोणीतरी झाडं सुचवली, तर हिने गवती चहा, पुदिना, झेंडू, जे मिळेल ते आणून खाटेभोवती कुंड्या मांडल्या. खिडकी बुजली. बरं, नुसत्या झाडाला डास भीक घालत नाहीत, पान चुरडलं तरच वास सुटतो. म्हणून ही दिवसभर स्टुलावर बसून पानं चुरडायची आणि त्यांच्या पायांना चोळायची. मी चोळते म्हटलं, तर भावोजी म्हणायचे, हिच्याच हाताचा वास टिकतो.

गेल्या महिन्यात दुकानाच्या मालकाने तिला परत बोलावलं. फक्त दुपारचं काम. कितीतरी दिवसांनी ताई मनापासून हसली. दुपारी मी येऊन बसेन, असं मी कबूल केलं. तर भावोजी म्हणाले, जा की, डास खातील मला, त्यात काय एवढं. झालं! ताईचा पाय पुन्हा अडकला. मालक सोमवारपर्यंत थांबणार होता.

माझं डोकंच फिरलं. रविवारी रागारागाने कुंड्या सरकवून झाडायला घेतलं, तर कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी वळवळत होतं. सगळ्याच ताटल्यांत तेच. डासांच्या अळ्या! गटार राहिलं बाजूला, आम्ही घरातच डास पोसत होतो. मला हसू आवरेना, ताईलाही. ताटल्या ओतून ताईला म्हटलं, सुटलीस बाई, आता उद्या खुशाल कामावर जा.

तेवढ्यात ताईचं हसू मावळलं. ती खाटेकडे बघत होती. खाट बुटकी होती, आणि उशीवर मान कलती केली की ताटल्या थेट डोळ्यांसमोर यायच्या.

"तुम्हाला दिसत होतं?" तिने विचारलं.

भावोजींनी मान भिंतीकडे वळवली. मग म्हणाले, "डास गेले असते, तर तू बसली असतीस माझ्याजवळ?"

मला वाटलं, आता ही त्यांना फाडून खाणार. तिने रिकाम्या ताटल्या उचलल्या आणि घासायला घेतल्या.

सोमवारी दुपारी मी गेले, तर ताई घरीच. स्टूल दाराबाहेर घेऊन बसली होती. आत खोली स्वच्छ, ताटल्या कोरड्या, आणि भावोजी भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी चिडून विचारलं, आता कशाची वाट बघतेस?

"हे कळायच्या आधी गेले असते, तर संध्याकाळी परत आले असते गं," ती हळूच म्हणाली. "आता गेले, तर परत यायची नाही."