बाटलीतल्या खजुरी

हद्दू झाडावर चढला की खाली उभ्या माणसाने शिव्या खायची तयारी ठेवायची, हे वाळवंटातल्या झीझ नदीच्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. दोरी सैल धरली, शिवी. कोयता उशिरा दिला, शिवी. पण शेंड्याशी पोचून मादी खजुरीची पोय, फुलांची ती मिटलेली म्यान, हाताने उघडली, नराच्या फुलोऱ्याची काडी तिच्यात खोचायला लागला, की हाच गडी लोण्यासारखा मऊ व्हायचा. "बिस्मिल्ला, माझी बाय," म्हणायचा, "घे, सुखाने नांदा." आमच्याकडे वाऱ्यावर भरवसा ठेवून कुणी खजूर खात नाही. दर वसंतात एकेका मादीचं लग्न माणसालाच लावावं लागतं, आणि आमच्या गावात तो मान हद्दूचा.

याच हद्दूच्या बापाची बाग पांढऱ्या रोगाने गेली होती. रोग मातीतून येतो. आधी एका झावळीची एकच बाजू पांढरी पडते, मग दुसरी, मग शेजारची झावळी, आणि बघता बघता उभं झाड खलास. बापाने बुंध्यांना राख घातली, दर्ग्यावरून पाणी आणून शिंपलं, शेवटी डोक्याला हात लावून बसला. विहिरीजवळ आजोबांनी लावलेला एक नर तेवढा वाचला. मेलेल्या झाडाच्या जागी दुसऱ्या खजुरीच्या बुंध्याशी फुटलेलं पिल्लू आणून लावावं तर तेही मरायचं, कारण रोग जमिनीत दबा धरून बसलेला. हद्दूने उभी हयात दुसऱ्यांच्या झाडांची लग्नं लावण्यात काढली. स्वतःच्या जमिनीत गाजरं आणि गवत.

मग शहरातल्या प्रयोगशाळेतून रखिया नावाची मुलगी गाडीभर रोपं घेऊन आली. पांढऱ्या रोगाला पुरून उरलेल्या एका खजुरीच्या गाभ्यातला नखाएवढा तुकडा घ्यायचा, बाटलीत त्याला खाऊपिऊ घालायचं आणि त्या एकाची हजारो रोपं करायची, असा त्यांचा उद्योग. लोक रोपांभोवती जमले आणि खो खो हसले.

"यांना आई नाही, बुंधा नाही. बाटलीतून झाड निघतं होय? बाटलीतून काय निघतं ते आम्हाला माहीत आहे!" हा बासू. हद्दूचा चुलतभाऊ. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं कधीकाळी असं काही फाटलं होतं की मयतीतसुद्धा एकमेकांना सलाम करत नसत.

बासू हसला म्हणूनच हद्दूने रोपं घेतली, असं त्याची बायको इत्तो अजून सांगते. कारण काही असो, हद्दूने घेतली म्हटल्यावर अख्ख्या आळीने घेतली. हद्दूला खजुरीतलं कळतं, तो घेतोय म्हणजे त्यात काहीतरी असणार.

रोपं वाढली. पांढऱ्या रोगाने त्यांना बोट लावलं नाही. आणि काही वर्षांनी एका वसंतात, झाडं जेमतेम कमरेएवढी असताना, त्यांना पहिल्या पोया आल्या. हद्दूचे गुडघे तोवर कामातून गेले होते, पण इथे चढायचंच कुठे होतं? जमिनीवर उभं राहून त्याने आळीतल्या सगळ्या खजुरींची लग्नं लावली, आणि काड्या आजोबांच्या नराच्या. दुसऱ्या घरचा नर आणायचा नाही, ही त्यांच्या घराची रीत. त्या काड्याही रीतीप्रमाणे रोटीच्या भट्टीवर आढ्याला टांगून वाळवलेल्या.

उन्हाळ्यात झाडांवर जे लटकलं त्याला खजूर म्हणणं हा खजुराचा अपमान झाला असता. जिथे एक फळ धरायचं तिथे चिकटलेली तीन तीन, हिरवी, खुरटी, चावली तर भुशासारखी, आणि आत बीच नाही. एका झाडाला नव्हे, आळीतल्या झाडून सगळ्यांना.

"वांझोट्या!" शुक्रवारच्या नमाजानंतर बासू सगळ्यांसमोर म्हणाला. "मी सांगत नव्हतो? आणि या शहाण्याच्या नादाने अख्खी आळी बुडाली."

 ज्याच्या शिव्यांवाचून गावाचा वसंत सुरू होत नसे, तो हद्दू मान खाली घालून भिंतीकडेने घरी आला. लोकांनी त्याच्या शब्दावर इतकी वर्षं पाणी घातलं होतं, गवताची जमीन अडवून ठेवली होती. आता जो तो कुदळ काढायची भाषा करत होता. पुढचा बहर असाच गेला तर सगळं उपटायचं, असं ठरलंसुद्धा. इत्तोने ताट पुढे ठेवलं तर म्हणाला, "भूक नाही." त्या माणसाला भूक नाही हे तिने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

निरोप गेला तशी रखिया आली. तिने फळं कापून बघितली आणि तिचाही चेहरा पडला.

"हद्दूकाका, तुमच्याशी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "बाटलीतली काही रोपं कधी कधी मुळातच बिघडलेली निघतात. त्यांची फुलं पराग घेतच नाहीत. तसं असेल तर चूक आमची, आणि मग उपटण्याशिवाय इलाज नाही. नाहीतर तुमचा परागच मेलेला असेल. कोणतं खरं ते आज मला नाही सांगता येत. काड्या कुठे ठेवता?"

हद्दूने आढं दाखवलं. खाली भट्टी धडधडत होती.

"पहिल्यापासून इथेच?"

"माझ्या आजोबांपासून."

"पण जुन्या खजुरी लवकर फुलायच्या ना? ही नवी जात उशिरा फुलते. तोवर काड्या या धगीवरच?"

हद्दू भडकला. "म्हणजे आमच्या आजोबांचा नर नामर्द म्हणतेस?"

"नर धडधाकट आहे रे भल्या माणसा," इत्तो पीठ मळता मळता म्हणाली. "भट्टीवर तू त्याला भाजलास. माझ्या रोट्या बऱ्या, त्यांना निदान मी वेळेवर उतरवते."

पुढच्या वेळी ताज्या काड्या वापरून बघा, एवढं सांगून रखिया गेली. म्हणायला सोपं. आजोबांचा नर फुलून जायचा तेव्हा नव्या माद्या अजून झोपेत असायच्या. उशिरा फुलणारा नर पंचक्रोशीत एकच, नदीकाठच्या गार जमिनीतला. बासूचा.

हिवाळा सरला. आजोबांचा नर फुलला आणि सुकला. मग एका सकाळी नव्या खजुरींच्या पोया तडकायला लागल्या. हद्दू अंगणात येरझाऱ्या घालत होता.

"जातोस का मी जाऊ?" इत्तोने विचारलं.

"त्याच्या दारात? मेलो तरी जाणार नाही."

"तू खुशाल मर. पण अख्खी आळी तुझ्या नाकाखातर मरणार का?"

हे मात्र लागलं. हद्दूने जेलाबा, तो टोपीवाला लांब झगा, अंगात घातला आणि निघाला.

बासू दारातच बसला होता. "या, या! पाणी चोरायला निघालास आणि रस्ता चुकलास वाटतं?"

हद्दू पुटपुटला, "नराची पोय हवी होती."

"मोठ्याने बोल बाबा, कान गेलेत माझे."

"तुझ्या नराची पोय दे म्हणतोय, गाढवा!"

बासूच्या मिशा हलल्या. "हां, आत्ता ओळखलं. मला वाटलं कुणी भला माणूस आलाय."

लगेच देईल तर तो बासू कसला! आधी पुदिन्याचा चहा झाला, एकावर एक तीन पेले, आणि पेल्यागणिक एकेक टोमणा. हद्दूने तिन्ही पेले आणि तिन्ही टोमणे निमूट गिळले. मग बासू उठला, कोयता घेऊन गेला आणि नुकती तडकलेली पोय घेऊन आला. हलवली तर पिठासारखा पराग उडाला.

"एक अट आहे," तो म्हणाला. "बांधताना मी येणार. मुलगा माझ्या घरचा, आणि लग्नाला मी नको?"

त्या दिवशी आळीने नवल पाहिलं. हद्दू काडी खोचतोय, बासू झावळीच्या पट्टीने बांधतोय, आणि हद्दू त्याला शिव्या देतोय. "आवळून बांध ना, चरायला बकरी बांधतोयस काय!" गावाला वसंत लागला.

त्यानंतरचे दिवस हद्दूने कसे काढले ते इत्तोलाच ठाऊक. बागेत जायला त्याचे पाय उचलत नव्हते. शेवटी एका सकाळी तिनेच त्याला दंडाला धरून नेलं. झाडांखालची जमीन बारीक हिरव्या बोंडांनी भरून गेली होती. वाटेने जाणारी आळीतली एक सून तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई! गळलं की गं सगळं!"

हद्दू मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी ती बोंडं गोळा करत पोरासारखा रडायला लागला. सून घाबरली.

"घाबरू नकोस गं," इत्तोने तिला जवळ ओढलं, तिचे स्वतःचेही डोळे वाहत होते. "लग्न लागलं की तीन फळांतलं एक राहतं आणि दोन गळतात. पराग मेलेला असला तर तिन्ही चिकटून बसतात. घडात हात घालून बघ."

सुनेने हात घातला. प्रत्येक देठाला एकेकच फळ, टपोरं.

पानगळीच्या दिवसांत पहिला घड उतरला. पहिला घड मशिदीत जातो, पण त्यातला मूठभर खजूर हद्दूने काढून घेतला आणि बासूच्या दारात गेला. मूठ पुढे केली. बासूने एक तोंडात टाकला, डोळे मिटून सावकाश चघळला आणि बी तळहातावर काढली. लांब, तपकिरी, भरलेली बी. दोघं म्हातारे तिच्याकडे बघत राहिले.

"आईवर गेलंय की बापावर?" हद्दूने विचारलं.

"गोडवा आईचा," बासू म्हणाला आणि बी खिशात टाकली. "ही मात्र आमच्या घरची. ये आत, चहा टाकलाय."