ससाण्यांचं बारसं आणि एक जादा चिठ्ठी

आमच्या स्टाफरूममध्ये संशयाला कधी सुट्टी नसते. डब्यातली वडी कुणी खाल्ली इथपासून सगळ्यावर चौकशी बसते. त्यामुळे इंदिरानगरातल्या आमच्या शाळेच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर ससाण्यांनी तीन पिल्लं काढली, तेव्हा किस्से साठणारच होते.

*

पिल्लांना नावं ठेवायची टूम सातवी ‘ब’ची. मी विज्ञानाची बाई, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. यादी आधी हेडबाईंकडे. त्यांनी पहिलंच नाव वाचून चष्मा काढला.

"विक्रांत? हा कुठल्या नगरसेवकाचा मुलगा?"

"बाई, पिल्लू आहे ते."

"पिल्लाला कोण विचारतंय? इलेक्शन जवळ आलंय."

विक्रांत कटाप. ‘मिसळ’ या नावावर त्या बराच वेळ थांबल्या.

"कुठल्या हॉटेलची जाहिरात?"

*

मग मतदान झालं. मुलं एक्केचाळीस, चिठ्ठ्या बेचाळीस! जादा चिठ्ठीवर ‘राणी’ लिहिलेलं, आणि राणी तर यादीतच नव्हती. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पीटीचे सर माझ्याकडे बघत होते. अक्षर मोठं आणि थरथरतं होतं. चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली. तुफान, बिजली आणि मिसळ निवडून आले.

*

पण पिल्लांच्या जिवावर उठेल असा खरा संशयित वेगळाच होता. आमचे शिपाई रामदासमामा घरी कबुतरं पाळतात. त्यांची लाडकी पांढरी कबुतरी या ससाणीने त्यांच्या डोळ्यांदेखत उचलली होती. तेव्हापासून मामा टाकीकडे बघून पुटपुटायचे, "लय माजलीय." आणि गच्चीची चावी त्यांच्याकडेच!

"चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या," पीटीचे सर म्हणाले.

मी चावी काढून घेतली. मामांनी ती जुडग्यातून सोडवून दिली. मला तेव्हाच वाईट वाटलं होतं, पण परत केली नाही.

*

मॉनिटर सानिका रोज सकाळी मैदानातून दुर्बीण लावून पिल्लांची हजेरी घ्यायची. एका सोमवारी तिने दुर्बीण पुसून पुन्हा लावली.

"तुफान हजर. बिजली हजर. मिसळ... बाई, मिसळ नाहीये."

"डुप्लिकेट चावी," पीटीचे सर लगेच म्हणाले. अख्खा वर्ग जिन्याखालच्या मामांच्या खोलीकडे निघाला. मीही निघाले, आणि खरं सांगते, माझ्याही मनात तेच होतं.

दार उघडंच होतं. मामा जमिनीवर बसले होते. समोर बुटांच्या खोक्यात, त्यांच्या जुन्या बनियनवर, मिसळ बसलेलं. एक पंख लोंबत होता.

"पहाटं खाली पडलं हुतं, बाई. मांजर टपून बसलं हुतं," मामा म्हणाले. "वनखात्याला फोन केलाय. येत्यात."

मग त्यांनी मटणाचा बारीक तुकडा त्याच्या चोचीपुढे धरला.

"खा गं राणी."

सानिका माझ्या मागून हळूच म्हणाली, "मामा, राणी तर तुमची कबुतरी होती ना?"

"हुती," मामा म्हणाले, आणि त्यांनी दुसरा तुकडा उचलला.