कड्यांखालची पेन्सिल

साउथहॅम्प्टनच्या एका संग्रहात मी एकोणिसाव्या शतकातले हाताने काढलेले मूळ सागरी नकाशे स्वच्छ करते. त्यांच्या कडेला जहाजावरून दिसणारा किनारा काढलेला असतो: कडे, चर्च, दीपगृह. खलाशांना जागेची ओळख पटावी म्हणून. चित्र काढायचं जहाजावरच्या ड्राफ्ट्समनने आणि छापताना खाली टाकायचं कॅप्टनचं नाव. काय लबाड पद्धत!

मागच्या वर्षी प्रदर्शनाची घाई होती. नियम असा, की आधी फोटो काढायचा, मगच कागदाला हात लावायचा. एवढ्याशा मळाला कसला आलाय फोटो, म्हटलं. एका किनाऱ्याच्या कड्यांखाली फिकट पेन्सिलीने काहीतरी उलटं गिचमिड केलेलं होतं. असतील कुणा कारकुनाचे चाळे, असं म्हणून मी रबराचा चुरा फिरवला आणि ब्रशने झटकून टाकलं. कागद इतका स्वच्छ निघाला की आमच्या विभागप्रमुख मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. पर्मनंट करू, म्हणाल्या.

आठवड्याभराने मेडनहेडहून ऐंशीच्या पुढच्या एक बाई आल्या. त्यांचे खापरपणजोबा नॉर्वेहून आलेले चित्रकार. हे किनारे त्यांनीच काढले असं घरात सगळे सांगत, पण पुरावा नव्हता. आता त्या खापरपणजोबांचं एक पत्र सापडलं होतं.

"कॅप्टनच्या लक्षात येऊ नये म्हणून कड्यांखाली नाव उलटं लिहिलंय, असं ते म्हणतात," बाईंनी सांगितलं. "सापडलं तर प्रदर्शनातल्या पाटीवर त्यांचं नाव लावाल ना?"

"नक्की लावू," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "कागद तूच साफ केलास. होतं का काही?"

सांगून टाकावं असं वाटलं, खरंच वाटलं. पण हात दाखवून अवलक्षण कशाला?

"नाही," मी म्हणाले. "काहीच नव्हतं."

बाई भिंग घेऊन अर्धा तास त्या कोऱ्या जागेवर वाकून बसल्या. मीच खुर्ची दिली, मीच दिवा धरला, वर "इकडे पाहा बरं" म्हणत राहिले. किती नीच असावं माणसाने! शेवटी त्यांनी पत्राची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

दाराशी त्यांनी माझा हात हातात घेतला.

"तुम्हीही परक्या देशातून आलात, म्हणजे तुम्ही नीटच शोधलं असणार," त्या म्हणाल्या. "घरी सांगते आता सगळ्यांना. खापरपणजोबा थापा मारत होते, नाही का?"

मी मान डोलावली.