सुंदराच्या हातचं रबर

कसाऱ्याला नाशिककडे जाणारी गाडी थांबली की तिच्या मागे जादा इंजिनं जोडतात. ती गाडीला ढकलत थळ घाटाच्या वर नेतात आणि मोकळी खाली येतात. सापगावच्या धर्मा भेरेंची सगळी नोकरी या इंजिनांवर गेली. "आमी आपले ढकलणारे," असं ते सांगत, आणि सांगताना खूष असत.

ते निवृत्त झाले तेव्हा कल्याणला नर्स असलेल्या कुणालीने, त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, त्यांच्या हातात वीतभर लांबीचं इंजिन ठेवलं. रुळातून वीज घेऊन धावणारं, अगदी खऱ्यासारखं. धर्मांनी पडवीत प्लायच्या फळीवर घाट उभा केला. मातीचे डोंगर, एक बोगदा, कडेने वळत चढणारे रूळ. त्याच पडवीत त्यांची बायको सुंदरा शिलाई मशीनवर गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. तिचं माहेर डोळखांबच्या रानातलं. तिने डोंगराकडे बघून विचारलं, "झाडं कुठं हायेत?" आणि हिरव्या चिंध्यांची झाडं करून तिने सगळा घाट भरून टाकला.

पहिलं वर्ष इंजिन नीट चढलं. मग अर्ध्या चढावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. खरं इंजिन घसरलं तर रुळावर वाळू सोडतात, म्हणून धर्मांनी चिमूटभर वाळू टाकली. इंजिन करकरलं आणि थांबलं. सुंदराने ते उचलून उलटं धरलं, चष्मा चढवला.

"या चाकांना रबर हाय. बांगडीसारखं. सैल पडलंय बघा."

छोट्या इंजिनाला वजन नसतं, म्हणून दोन चाकांच्या खाचेत केसाएवढ्या जाडीचं रबराचं कडं बसवलेलं असतं. त्यानेच रूळ पकडला जातो. कुणालीने नवी कडी मागवली. धर्मांच्या जाड बोटांत पहिलं तुटलं, दुसरं उडून कुठे गेलं ते सापडलं नाही. सुंदरा मशीनवरून उठली, हात धुऊन आली, बोथट सुईने कड्याची एक बाजू खाचेत अडकवली आणि चाक हळूच फिरवत बाकीचं आत सरकवलं. इंजिन बोगद्यातून वर गेलं.

"शेडमध्ये असा फिटर नव्हता गो आमच्याकडं," धर्मा म्हणाले. तेव्हापासून रबराचं काम तिचं. ते गाडी चालवायचे, ती मशीनवर बसून बघायची.

मग एका सकाळी चूल फुंकताना सुंदराच्या हातातली फुंकणी पडली. उजवा हात आणि उजवा पाय गेला. शहापूरला, मग कल्याणला नेलं. घरी आली तेव्हा ती बोलायची, थोडी तोतरी, पण हात मांडीवर नुसता पडून असायचा. मशीनवर धर्मांनी चादर टाकली. तिने ती डाव्या हाताने ओढून काढली.

त्याच दिवसांत इंजिन परत घसरायला लागलं.

"रबर आणा ते," सुंदरा म्हणाली. "मी सांगतं, तुमी बसवा."

"असू दे. घाई काय हाय?"

धर्मांना वाटायचं, आपल्या हातून होत नाही हे बघून तिला तिचा हात आठवेल, वाईट वाटेल. म्हणून त्यांनी इंजिन कपाटात वर ठेवलं. ती विचारत राहिली. कधी जेवताना, कधी तेल चोळून घेताना. ते विषय बदलायचे. एकदा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माझा हात गेलाय. डोकं नाय गेलं."

धर्मा तिच्या पायांशी बसले. म्हणाले, "उद्या बसू दोघं. तू सांग, मी करतो."

ती वळली. "चाकाला तेल लागलं असंल तर आधी पुसायचं," ती म्हणाली. "बाकीचं उद्या सांगतं."

सकाळी ते तिला उठवायला गेले तर ती बेशुद्ध होती. परत शुद्धीवर आली नाही.

दिवसकार्य झालं. माणसं पांगली. धर्मा रडले नाहीत. उलट डोळखांबहून आलेल्या तिच्या भावालाच त्यांनी धीर दिला. कुणाली दर रविवारी यायची, तेव्हा ते तिच्याशी भाताच्या कापणीबद्दल बोलायचे.

एका रविवारी ती आली तर ते पडवीत इंजिन उलटं धरून बसले होते. भोवती तुटलेली कडी पडली होती.

"बाबा, तू सोड ना. मी करते."

"नको. तिनं मला शिकवायचं म्हटलं होतं."

चाक त्यांनी पुसून घेतलं होतं. पुढचं ते आठवून आठवून करत होते. सुई कशी धरायची, चाक कुठून फिरवायचं. कडं बसत नव्हतं, ताणलं की तुटत होतं. मग एकदम ते थांबले.

"गो, ती दर वेळी आधी हात धुवायला का जायची?"

कुणालीलाही ते आठवत होतं. "आणि पुसायची नाय," ती म्हणाली. "साबणाचाच हात घेऊन यायची."

धर्मांनी कडं साबणाच्या पाण्यात बुडवलं. एक बाजू अडकवली, चाक फिरवलं. ते सरकत आत गेलं, खाचेत सपाट बसलं. दुसरंही बसलं. त्यांनी ते सुकू दिलं आणि इंजिन रुळावर ठेवलं. ते कुठेही न घसरता चढलं, चिंध्यांच्या झाडांमधून बोगद्यात शिरलं आणि वरच्या बाजूने बाहेर आलं.

"जमलं रे बाबा तुला," कुणाली म्हणाली.

धर्मांनी बटण बंद केलं. त्यांचा हात बटणावरच राहिला.

"एवढंच होतं," ते म्हणाले. "एवढंच सांगायचं होतं तिला. मी महिनाभर बोलू दिलं नाय."

आणि मग ते रडले, तोंडावर हात न घेता, म्हाताऱ्या माणसाने रडू नये तसे. कुणाली त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. तिला म्हणता आलं असतं की तू तिच्याच भल्यासाठी केलंस. तिने म्हटलं नाही, कारण ते त्यांना माहीत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी निघताना त्यांनी इंजिन कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत घातलं. "तुझ्याकडं असू दे," म्हणाले. तिने नको म्हटलं नाही. फळीवरचा घाट अजून पडवीत आहे. धर्मा आता आतल्या खोलीत बसतात.