आत्मारामशेटांचा कललेला मचवा

आत्मारामशेटांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे, असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा आनंदाआधी मनात शंका आली की, या मंडळींना काही कळले तर नाही ना? मी स्वभावानेच संशयी. तीस वर्षे शाळेत ड्रॉइंग मास्तरकी केल्यावर दुसरे काय होणार! मुलाने चित्र हाताने काढले आहे की काचेवर ठेवून गिरवले आहे, हे पकडण्यात माझी हयात गेली. कागद उजेडाकडे धरायचा, उलटा करून बोटाने चाचपायचा, दाबाची रेघ लागली की कान धरायचा. आत्मारामशेटांना मी प्रथम पाहिले तेही याच नजरेने.

तेव्हा मांडवीला त्यांची मंगलोरी कौलांची वखार होती आणि मला घर शाकारायचे होते. शेट एकेक कौल बोटाच्या पेराने वाजवत आणि कान देऊन ऐकत. दोन कौले त्यांनी आपणहून बाजूला काढली. “ही नकोत मास्तर, चीर हाय. आज दिसायची नाय, पण गळायला लागली की मला शिव्या घालाल.” इतका सरळ व्यापारी मी पाहिला नव्हता, म्हणून घरी जाऊन मी सगळी कौले पुन्हा वाजवली. एकही चिरलेले निघाले नाही. तरी माझे समाधान झाले नाही ते नाहीच.

पुढल्या वर्षी शेटांनी वखार धाकट्या भावाच्या हाती सोपवली आणि रोज सकाळी कागद, रंगाची पेटी व छत्री घेऊन ते मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन बसू लागले. वय पंचेचाळिशीच्या पुढे. चित्रकलेचा एक धडाही कोणाकडे गिरवलेला नव्हता. गावात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे धंदा बुडाला, कोणी म्हणे सरकारला बातम्या पुरवतात. दिवसच धरपकडीचे होते. वहीत काहीबाही टिपणारा माणूस दिसला की लोक बोलणे थांबवत. शेट जवळ आले की खारवीही मान खाली घालून जाळी विणू लागत. शेट मात्र सर्वांना रामराम करून आपल्या जागी बसत.

त्यांच्या बंधूंनी एकच अट घातली होती. गावच्या ग्रंथालयात भरणाऱ्या प्रदर्शनात चित्रे लागली तर खुशाल चित्रे काढावीत, नाहीतर मुकाट्याने वखारीत येऊन बसावे. शेटांनी शब्द दिला होता. त्यांनी पाच चित्रे ग्रंथालयात नेऊन दिली. ही अट साऱ्या मांडवीला ठाऊक होती, आणि मलाही.

ग्रंथालयाच्या चिटणिसांनी ती चित्रे मला सहज पाहायला दाखवली. मी कागद उजेडाकडे धरले, उलटे केले, चाचपले. पेन्सिलीची एकही रेघ सापडली नाही. रेघेवाचून चित्र? संशय दुणावला. त्यात एका चित्रातला मासेमारीचा मचवा डाव्या अंगाला कललेला, आणि बाकीचे सारे सरळ. माझ्या वर्गात असे शेकडो मचवे होऊन गेले होते. काचेवर गिरवताना कागद सरकला की असेच होते! चोर सापडल्याचा मला आनंद झाला, हे लाज सोडून लिहितो.

चार दिवसांनी चिटणिसांना एक निनावी चिठ्ठी मिळाली. “चित्रे स्वतःच्या हातची नाहीत, गिरवलेली आहेत.” चित्रे परत गेली. शेटांनी कोणाला जाब विचारला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते वखारीत बसले आणि वर्षभर कौले वाजवत राहिले.

त्या वर्षात मला हिवतापाने गाठले. शाळेला दुसरा मास्तर मिळेना, तेव्हा शेट दुपारी वखार भावावर सोडून येत आणि माझे वर्ग घेत. मला वाटले, माझ्या नोकरीवर डोळा आहे. मी उठून हिंडू लागलो त्या दिवशी ते घरी आले, वर्गाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “पोरं गुणी हायत तुमची. मलाच चार गोष्टी शिकवल्यानी.” पगाराचा एक पैसाही त्यांनी घेतला नव्हता.

बरा झाल्यावर मी मासळीसाठी मिरकरवाड्याला गेलो. मचवा चालवणाऱ्या तांडेल बाळाजीच्या खोपटात भिंतीवर ते कललेले चित्र! शेटांनी त्याला देऊन टाकले होते. मी हसून म्हटले, “अरे, मचवा वाकडा आलाय.”

बाळाजीने दाराबाहेर बोट दाखवले. “वाकडा नाय मास्तर, तो आमचाच मचवा! डाव्या अंगाच्या फळ्या नव्या घातल्या, तवापासून कलतोय. समोर उभा हाय, बघा की!”

मी वळून पाहिले. किनाऱ्यावरच्या मचव्यांत एकच डावीकडे कललेला उभा होता. मी मासळी न घेताच घरी आलो.

नंतर वखारीच्या सुटीच्या दिवशी शेटांना चित्र काढताना मी जवळून पाहिले. ते आधी पाण्याची ओळ रंगवतात, मग त्यावर मचवा बसवतात. “आयुष्यभर धक्क्यावर उभा राहून तेच बघितलं ना, मचवा पाण्यात किती बसलाय नि आत माल किती हाय. रेघ कशाला लागते?” पुढल्या प्रदर्शनाच्या वेळी मीच चिटणिसांकडे गेलो आणि छातीवर हात ठेवून सांगितले की, ही चित्रे शेटांच्याच हातची आहेत. चित्रे लागली. बंधूंनी शब्द पाळला. आज मुंबईची मंडळी त्यांच्या चित्रांसाठी आगबोटीने येतात, आणि गाव मला ‘शेटांना ओळखणारा पहिला माणूस’ म्हणते. याच कारणाने संपादकांनी मला लिहायला सांगितले आहे.

आता मला ते ऐकवत नाही. आत्मारामशेट, ती चिठ्ठी माझी होती. डाव्या हाताने लिहिली होती, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. त्यानंतर इतकी वर्षे आपल्या ओटीवर चहा प्यालो, आणि आपल्याला ठाऊक असूनही आपण बोलत नाही, अशी शंका प्रत्येक घोटाला मला खात होती. ठाऊक नसेल तर आता झाले. आपण मला ओटीवरून उठवलेत तरी मी काही बोलणार नाही.

आपले डोळे, आपला हात आणि आपली पाण्याची ओळ अशीच स्थिर राहोत. आपल्याला उदंड आयुष्य लाभो, हे तर सगळेच मागतील. मी मागतो ते वेगळे आहे. माझ्यामुळे आपले एक वर्ष वखारीत गेले. परमेश्वराने ते माझ्या आयुष्यातून काढून घ्यावे आणि आपल्याला परत द्यावे.