पाहुण्यांनी खाल्लेलं क्रिएटिन

फोन वाजला की आधी डोक्यावरचा रुमाल सारखा करायचा, मग फोन उचलायचा. चहाच्या पेल्यात साखर आधी, चहा नंतर. जिन्यात कुणी भेटलं की त्याला त्याचे शाळेतले मार्क ऐकवायचे. बाल्कनीतून टोपली खाली सोडण्याआधी दोनदा टाळी वाजवायची. आणि भरलेली टोपली ओढताना मोठ्याने नद्यांची नावं घ्यायची, एका मजल्याला एक नदी.

इन्शिराह अब्लाच्या, म्हणजे शाळेतल्या इन्शिराह बाईंच्या, या सवयी नशवाला पाठ होत्या. अब्ला पाचव्या मजल्यावर राहायची, नशवा तिसऱ्यावर. साहित्याची पदवी घेऊन नशवा दीड वर्ष घरीच होती. इजिप्तमधल्या मन्सूरा शहराच्या त्या गल्लीत अर्ध्याअधिक लोकांना अब्लाने भूगोल शिकवला होता.

हिवाळ्यापासून टोपली तिसऱ्या मजल्याशी थांबायला लागली. तिसऱ्या नदीला अब्लाचे हात गळायचे. नशवा टोपली आत घ्यायची आणि जिन्याने वर नेऊन द्यायची. दोघींनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण खालच्या दुकानातल्या शहाता वाण्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. अब्लाच्या मुलाला, वगीहला, कळलंच.

"आई, पुरे झालं. कैरोला चल. आमच्याकडे लिफ्ट आहे."

"लिफ्टमध्ये गल्ली आहे का?"

बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं. तीन महिन्यांनी वगीह येऊन खाली उभा राहील. आठवड्याच्या सामानाची टोपली अब्लाने एकटीने वर ओढली, तर ती इथेच राहील. नाहीतर सामान बांधून कैरोला जायचं. जाताना तो रिकामी खोकी ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी अब्ला गल्लीच्या टोकाच्या बायकांच्या जिममध्ये दाखल झाली. तिथे व्यायाम शिकवणारी कॅप्टन गिहान अब्लाचीच विद्यार्थिनी. तिने डॉक्टरकडून मूत्रपिंडं तपासून घ्यायला लावली, मग स्नायूंना बळ देणारं क्रिएटिन सुचवलं.

"अब्ला, पावडर काय, गमी काय, दोन्हींचं काम एकच. पावडर रोज एक चमचा, पाण्यातून. नाहीतर या मऊ गोळ्या, गमी. रोज चार चघळायच्या. खाडा मात्र करायचा नाही. गुण यायला तीन-चार आठवडे लागतात."

अब्लाने पावडर बोटाने चाखली. "हा तर भिंतीचा गिलावा. गमी दे."

गमी गोड. मग त्यांची जागा बैठकीतल्या झाकणाच्या काचपात्रात. आणि घरात कुणी आलं की ते झाकण उघडायचं, हे ठरलेलंच. विजेचं मीटर बघायला आलेल्याने सहा घेतल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू "एकच, साखर वाढलीये" म्हणत पाच खाऊन गेल्या. गॅसवाल्याने मूठ भरली. "अब्ला, संत्र्याच्या एकदम झकास!" महिन्याची बरणी नवव्या दिवशी संपली. दुसरी आठ दिवसांत. टोपली तिसऱ्या मजल्याशीच थांबत होती. गॅसवाला मात्र सिलिंडर घेऊन पळत जिना चढायला लागला होता.

नशवा वैतागली. "कपाटात लपवा ना!"

"घरात गोड असून पाहुण्याला नुसता चहा? मग मी आत्ताच कैरोला जाते की."

"मग पावडर घ्या. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही."

अब्लाने काचपात्राचं झाकण लावलं. मग चपला घालून जिमकडे गेली.

तेव्हापासून रोज पहाटेच्या नमाजानंतर लिंबाच्या सरबतात एक चमचा. तळाशी उरलेल्यावर पुन्हा पाणी घालून तेही पिऊन टाकायची. "गाळ आहे, पोरी. नाईलच्या गाळावर आख्खा देश जगला. मी का नाही जगणार?" आठवड्यातून तीनदा वजनं उचलायची. पण शेवटच्या आठवड्यात तिचा धीर सुटला. तिने चहाचे पेले वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवायला घेतले. बारापैकी सात झाले, तेवढ्यात ठरलेला शुक्रवार उजाडला.

वगीह हाताची घडी घालून खाली उभा राहिला. शहाताने टोपलीत तांदूळ, तेल, साखर, बटाटे भरले. वर एक कलिंगड ठेवलं.

"शहाता! अभ्यासक्रमाबाहेरचं का विचारतोस?" अब्ला वरून ओरडली.

"तुमच्याकडूनच शिकलो, अब्ला!"

टोपली कधीचीच खाली गेली होती, तरी अब्लाने दोनदा टाळी वाजवली. नाईल. काँगो. नायजर. टोपली नशवाच्या कठड्यासमोर आली आणि थांबली. दोर थरथरत होता. नशवाचा हात आपोआप पुढे गेला.

"हात मागे, पोरी!"

नशवाने हात मागे घेतला.

"टायग्रिस!"

टोपली हलली. नशवाला आता तिचं बूड दिसत होतं. "युफ्रेटिस!" मग तेही दिसेनासं झालं. वर धप्पकन आवाज झाला. नशवा कठड्याबाहेर वाकून वर बघत होती.

"शहाता!" वरून हाक आली. "अंडी राहिली!"

खाली वगीह नाक पुसत टाळ्या वाजवत होता.

कलिंगड सगळ्यांनी खाल्लं. गॅसवाल्याने गमी मागितल्या.

ते खोकं अजून बैठकीतच आहे. सात पेले कागदात, पाच कपाटात. पाचाहून जास्त पाहुणे आले की अब्ला म्हणते, "आज ते काढायला हवेत." मग सहाव्याला कपात चहा देते, आणि ट्रे त्या खोक्यावर टेकवते.