उजव्या हाताची बटणं

आमच्या कारेगावच्या बाहेरच्या खोलीत प्लायवूडचं एक उभं खोकं आहे. आत जुना मॉनिटर, खाली फळीवर एक दांडी आणि सहा गोल बटणं. लहानपणी शिरूरच्या स्टँडजवळ नाणं टाकून खेळायचं गेमचं मशीन होतं, तसं घरी करायचं म्हणून माझ्या नवऱ्याने ते सुट्टीच्या दिवशी बसून बनवलं. लाकूडकाम त्यांचं, वायरिंग माझं. मी कंपनीत गाड्यांच्या वायरींच्या लाइनवर आहे. वायर सोलायची, टोकाला पितळी लग दाबून बसवायचा, हे माझं रोजचंच काम.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आल्यावर बोलणं सुधारलं, पाय ओढत का होईना चालू लागले. उजव्या हाताची बोटं मात्र आखडलेलीच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई ते मशीन बघून म्हणाल्या, "रोज यावर खेळा. बोटांना चांगलं."

ते नेमाने बसायचे. काही दिवसांनी बसायचे थांबले, मशीनवर चादर टाकली.

"का हो?"

"पहिली दोन सोडली तर कुठलंबी बटण दाबतो, पडद्यावरचा माणूस हलतच न्हाई. बोटात जीव न्हाई राहिला."

मी ते खरं मानलं. वायर बघावी असं माझ्या मनातही आलं नाही.

दीड महिन्याने चादर धुवायला काढली तेव्हा सहज मशीन चालू केलं आणि मधलं एक बटण दाबलं. माणूस उभाच. पुन्हा दाबलं. उभाच. बोट माझं होतं, धडधाकट.

मशीन बंद करून मागची फळी उघडली आणि जोडणी नीट असली की वाजतो तो मीटर लावला. पहिल्या दोन बटणांना मीटर वाजला, तिसऱ्यापासून गप्प. एकच काळी वायर एका बटणावरून दुसऱ्यावर जाते. मध्ये सुटली की पुढची सगळी मुकी. दुसऱ्या बटणाजवळची वायर जरा ओढली, तर लगमधून अलगद बाहेर आली. लग तांब्यावर नाही, वरच्या प्लास्टिकवर दाबलेला होता. असे नग मी लाइनवर रोज बाजूला काढते.

ते खुर्चीत बसून बघत होते. वायर आपोआप सैल झाली, असं सांगता आलं असतं.

"लग मी चुकीचा दाबला होता," मी म्हणाले. "तुमच्या बोटाचा दोष नव्हता."

ते म्हणाले, "दीड महिना."

नवा लग बसवला. ते खेळायला बसले. एकेक बटण दाबत गेले, माणूस हलत गेला. पाच चालली. करंगळीखालचं सहावं चालेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे होऊन तेच बटण दाबलं. माणसाने उडी मारली.

"म्हंजी हे वायरचं न्हाई."

"न्हाई."

"बरं. मग हे माझ्याकडं."

त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी न थांबता एकट्याने जेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "सगळे लग एकदा बघून घे."

बघितले. आणखी एक तसाच निघाला. तोही त्यांना दाखवला. त्यांनी तो डाव्या हातात धरून पाहिला आणि परत दिला.

आता ते कामावर जातात. पूर्वीसारखं कंपनीतल्या मशीनवर नाही, तिथल्याच स्टोअरला. करंगळी अजून पुरती वळत नाही. ते सहावं बटण ते हात तिरका करून शेजारच्या बोटाने दाबतात.